घरखर्चाचे कर्ज आणि पिकाचे कर्ज

शेतकऱ्याने काढलेले सर्व कर्ज एका जातीचे नसते. बियाणे, खते व मजुरी यांसाठी घेतलेली रक्कम पिकाच्या रूपाने परत येण्याचा संभव असतो. लग्नकार्य, आजारपण अथवा मोटारसायकल यांसाठी घेतलेल्या रकमेची फेड मात्र सर्व खर्च वजा जाता उरणाऱ्या शिलकेतूनच करावी लागते. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळून आले की, शेतकरी कुटुंबांच्या कर्जाचा सर्वात मोठा भाग घरखर्चासाठी काढलेला होता आणि सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज शंभरात अवघे तीन रुपये होते. सहकाराचा वाटा पुढे पुष्कळ वाढला; घरखर्चासाठी ऐनवेळी हात पसरण्याची वेळ मात्र टळलेली नाही.

प्रथम व्याजाचा हिशोब पाहू. हातउसन्या रकमेचा दर दरमहा शेकडा सांगण्याची रीत आहे. ‘शेकडा तीन’ हा आकडा ऐकण्यास लहान, परंतु सालाचे ते ३६ टक्के होतात. दुकानातील हप्त्यांचा प्रकार याहून फसवा आहे. समजा, ६०,००० रुपयांची वस्तू सरळ १२ टक्के व्याजाने बारा हप्त्यांत घेतली. व्याज ७,२०० रुपये आणि हप्ता ५,६०० रुपये. पण मुद्दल दर महिन्यास कमी होत असताना व्याज मात्र वर्षभर पूर्ण ६०,००० रुपयांवर आकारलेले असते. घटत्या मुद्दलावर मोजल्यास खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी अशा कर्जाचा सर्व आकारांसह वार्षिक दर एका विवरणपत्रात लिहून देणे बंधनकारक झाले आहे. सही करण्यापूर्वी ते पत्र मागून घ्यावे.

आता आपल्या जिल्ह्यातील खरी अडचण. सोसायटीच्या खरीप पीककर्जाची मुदत सामान्यतः ३१ मार्चला संपते. मुदतीत फेड करणाऱ्यास ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याजाचा भार जवळजवळ उरत नाही. परंतु निफाड, चांदवड, येवला या भागांतील उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि पुढे चाळीत राहतो. म्हणून मार्चअखेर हातउसने काढून सोसायटीत भरावयाचे आणि नवे कर्ज मंजूर होताच ते फेडावयाचे, असे ‘नवे-जुने’ केले जाते.

यात लाभ किती? एक लाख रुपयांवर मुदत चुकल्याने वर्षाकाठी सुमारे ७,००० रुपयांची सवलत जाते, असे धरू. शेकडा तीनने उसन्या लाखाचे व्याज एका महिन्यास ३,०००, दोन महिन्यांस ६,००० आणि तीन महिन्यांस ९,००० रुपये होते. म्हणजे नवे कर्ज हाती पडण्यास तिसरा महिना उजाडला की सवलतीपेक्षा उसनवारीच महाग पडते. अर्थात थकबाकीदारास नवे कर्ज अडते, हेही विसरून चालणार नाही. यासाठी उसने काढण्यापूर्वीच नव्या मंजुरीची तारीख संस्थेच्या सचिवांकडून विचारून घ्यावी. याहून बरा मार्ग म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत लाल कांद्याची हिशोबपट्टी हाती येईल, तेव्हाच सोसायटीचा भाग बाजूला ठेवणे. दर पडलेले असले म्हणजे हा उपदेश कोरडा वाटतो, यात शंका नाही. तथापि अशा वर्षी निदान दुकानाचा नवा हप्ता तरी अंगावर घेऊ नये. दरमहाचा हप्ता पगारदारास सोयीचा. ज्याचे उत्पन्न वर्षातून दोन-तीनदा येते, त्याने हंगामी हप्त्यांची मागणी करावी.

पुष्कळांस ठाऊक नसते की, १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत पीकखर्चाच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या व घरखर्चाच्या गरजांसाठीही धरलेली असते. एक लाखावर दहा हजार ही रक्कम थोडी असली, तरी दवाखान्याच्या पहिल्या खर्चासाठी सावकाराचे दार गाठण्याची वेळ तीमुळे टळू शकते. सावकाराकडे जावेच लागले, तर परवाना पाहावा व पावती घ्यावी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली शेतकऱ्यास तारणी कर्जावर सालीना ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के असे कमाल दर ठरविण्यात आले. कर्जापोटी बेकायदा बळकावलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याची तरतूदही त्यात आहे. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बँकेचे कर्ज, दुकानाचे हप्ते आणि दुसऱ्यासाठी दिलेली जामीनकी या सर्वांची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे राहते व तीवरून ३०० ते ९०० पर्यंत गुण दिले जातात. भिडेखातर केलेली सही मूळ कर्जदार थकताच आपल्या नावावर उमटते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. फेडलेले कर्ज त्यात बाकी दिसत असल्यास ना-देय दाखल्याची प्रत जोडून तक्रार करावी. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मागता येते.