फ्रँकलिन यांची काटकसर

इ. स. १७८४ ची गोष्ट. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून फ्रान्समध्ये राहत असत. स्वदेशाच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी त्यांनी फ्रान्सच्या राजाकडून मोठमोठी कर्जे मिळविली होती; त्या युद्धापायी राजाचा खजिना मात्र रिता होत चालला होता. अशा वेळी या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धाने पॅरिसच्या एका वृत्तपत्रात काटकसरीची योजना प्रसिद्ध केली.

एकदा सकाळी सहालाच त्यांना जाग आली, तो खोलीत लख्ख उजेड! सूर्य इतक्या लवकर उगवतो आणि उगवताच प्रकाश देतो, हा म्हणे त्यांचा नवा शोध! दुपारपर्यंत निजणाऱ्या पॅरिसकरांना दुसरे काय सांगावे?

मग हिशेब आला. १८३ रात्री, दर रात्री ७ तास, १,००,००० कुटुंबे. ताशी अर्धा पौंड मेण, पौंडास दीड लिव्र. लोक सूर्याबरोबर उठले, तर ९,६०,७५,००० लिव्र वाचतील! मुलांनी गुणाकार करून पाहावा; चूक सापडणार नाही.

उपायही तसेच. खिडक्यांच्या झडपांवर कर, मेणबत्त्यांच्या दुकानांवर पहारे, सूर्योदयी साऱ्या चर्चच्या घंटा. तरीही कोणी न उठल्यास रस्तोरस्ती तोफांचे बार! तोफांच्या दारूचा खर्च तेवढा त्या हिशेबात कोठेच धरलेला नाही.