खडखड कोठून येते?

मुलांनो, समजा, मोटार उभी आहे. इंजिन चालू आहे. आवाज ठीक आहे. एसी लावताच खडखड सुरू होते आणि एसी बंद करताच थांबते. मग दोष कोठे असेल?

एसीचा वायू दाबण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. बहुतेक पेट्रोल व डिझेल मोटारींत इंजिनच बेल्टच्या साहाय्याने त्याला फिरवते. म्हणून एसी लावला, की इंजिनावरचा भार वाढतो. त्या वेळी एकदा ‘टक्’ असा आवाज येतो. तो दोष नव्हे.

पण खडखड चालूच राहिली, तर कारण शोधावे लागते. कॉम्प्रेसरचे बोल्ट सैल असतील, पुलीचे बेअरिंग झिजले असेल किंवा बेल्ट ढिला झाला असेल. कधीकधी कॉम्प्रेसर चांगलाच असतो. वाढलेल्या भाराने इंजिन थरथरते आणि जवळचा एखादा सैल पत्रा वाजतो! अशा वेळी कॉम्प्रेसर बदलला, तर पैसे जातात आणि खडखड तशीच राहते.

चांगला मिस्त्री आधी लक्ष देऊन ऐकतो. मग इंजिन बंद करून एकेक भाग तपासतो. तुम्हीही लक्षात ठेवा, चालू इंजिनाजवळ हात किंवा ओढणी नेऊ नका. पंखा अचानक फिरू लागतो.

आधी ऐका, मग तपासा आणि शेवटी बदला.