ई-व्यापार आणि आडगावची पुरवठासाखळी

मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या बिरसा तहसिलीत मलांजखंडची तांब्याची खाण आहे, धानाची शेती आहे आणि जंगलाच्या आसऱ्याने वसलेली विखुरलेली गावे आहेत. अशा भागात दुकानात वस्तू वेळेवर मिळणे हे मागणीची बातमी घाऊक व्यापाऱ्यापर्यंत किती लवकर पोहोचते, यावर बरेचसे अवलंबून असते.

समजा, एका दुकानात आठवड्याला मिठाची दहा पोती खपतात. एखाद्या आठवड्यात बारा खपली की दुकानदार धास्तीने पंधरा मागवितो. घाऊक व्यापारी तीच खरी मागणी समजून वीस मागवितो. पुढे खप पुन्हा दहावर येतो आणि माल गोदामात, तर पैसा मालात अडकून पडतो. ई-व्यापारात प्रत्यक्ष विक्रीची नोंद सर्व टप्प्यांवर एकाच वेळी दिसू शकते. त्यामुळे कमी साठ्यात काम भागते. मात्र ती नोंद मोठ्या कंपनीने आपल्यापाशीच ठेवली, तर छोट्या दुकानदाराला तिचा काहीच उपयोग नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे शेतकऱ्याकडून होणारी खरेदी, मध्यप्रदेशानेच पाहिली आहे. आय.टी.सी. कंपनीने जून 2000 मध्ये येथे सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसविला गेला. भाव घरबसल्या कळू लागला आणि वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होऊ लागले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या केंद्रांमुळे मंडीतील सोयाबीनचा भाव सरासरी 1 ते 3 टक्के वाढल्याचे आढळले. आकडा लहान दिसतो. पण तो मंडीत माल नेणाऱ्या इतर शेतकऱ्यांच्याही पदरात पडला. विशेष म्हणजे जुन्या अडत्यांना बाजूस न सारता त्यांच्यापैकी काहींना साठवण व वाहतुकीच्या कामात घेतले गेले.

वाहतुकीचे गणित मात्र संगणकाने सुटत नाही. एका फेरीत चाळीस पुडकी वाटणारी गाडी आडगावी चारच पुडकी घेऊन गेली, तर प्रत्येक पुडक्यावरील खर्च दहापट होतो. नाकारलेली वस्तू परत नेण्याचा भार वेगळाच. शिवाय गावचा दुकानदार सुगीपर्यंत उधार देतो. ही सोय फार महत्त्वाची आहे, आणि ई-व्यापाराचा हिशेब मांडताना ती सहसा विसरली जाते.

बालाघाटच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दूरचा ग्राहक तांदूळ हातात घेऊन पाहू शकत नाही. म्हणून प्रत्येक पिशवीत तोच दाणा, तोच सुवास आणि पुरते वजन असणे आवश्यक ठरते. त्यासाठी वाळवण, प्रतवारी व भरणी एका ठिकाणी व्हावी लागते. त्याच 2021 सालाच्या अखेरीस स्थापन झालेल्या ओ.एन.डी.सी. या खुल्या जाळ्यात विक्रेता व ग्राहक निरनिराळ्या ॲपवर असूनही व्यवहार करू शकतात. शेतकरी गटाला तेथे नाव नोंदविता येते. परंतु बिरशाहून निघणारी गाडी भरेल एवढा माल एकत्र करण्याचे काम गटालाच करावे लागेल.