औषधाची किंमत आणि विमा नसलेला रुग्ण

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी सुमारे १८३० मध्ये बांधविलेल्या वाराणसीच्या शिंदे घाटावर नाव वल्हवून उदरनिर्वाह करणाऱ्या एखाद्या नावाड्याचे उदाहरण घेऊ. त्याला उच्च रक्तदाब आहे आणि आरोग्यविमा नाही. शस्त्रक्रिया एकदाच होते. गोळी मात्र रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा भेद प्रथम लक्षात घ्यावा.

२०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तीत सामावून घेण्यात आले. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे. घरी गेल्यावर औषधे मिळतात ती १५ दिवसांपुरतीच. त्यामुळे उद्या नावाड्याच्या हाती कार्ड आले तरी रोजच्या गोळीपुरता तो विमाहीनच राहतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळाले तर प्रश्न तेथेच मिटतो. न मिळाल्यास किंमत नियंत्रणाचा आधार उरतो. मात्र २०१३ च्या आदेशानुसार कमाल किंमत उत्पादनखर्चावरून नव्हे, तर किमान १ टक्का बाजारहिस्सा असलेल्या उत्पादनांच्या सरासरी किमतीवरून ठरते व तीत विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळविला जातो. अशी मर्यादा अतिरेक रोखते. स्वस्ताई आणतेच असे नाही.

ती उणीव जन औषधी केंद्रे काही अंशी भरून काढतात. २००८ मध्ये अमृतसर येथे पहिले केंद्र उघडले. येथील औषधाची किंमत आघाडीच्या तीन नाममुद्रांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक नसते. ही योजना आरोग्य मंत्रालयाची नसून रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाची आहे. येथे परीक्षार्थी हमखास चुकतात.

खरी अडचण डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठीत नाममुद्रा लिहिलेली असेल तर अनुसूची ‘एच’मधील औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे उत्पादन परस्पर देण्यास औषधविक्रेत्यास नियमाने मनाई आहे. डॉक्टरांनी मूळ नावच लिहावे, अशी तरतूद राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये केली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली. म्हणून केंद्राच्या दारापर्यंत पोहोचलेल्या नावाड्यास मूळ नाव लिहून घेण्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावे लागते, आणि तेवढ्या वेळात त्याची एक फेरी बुडते.