मोफत वकील मिळाला, पुढे काय?

जत तालुक्यातला एक ऊसतोड मजूर. खुनाच्या गुन्ह्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप दिलेली, मुक्काम कळंबा कारागृह. अपील कारागृहातूनच हायकोर्टात गेलेलं, मोफत वकीलही नेमून दिलेला. कागदोपत्री सगळं यथासांग. पण त्या वकिलांनी या माणसाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं आणि अपिलाचा सगळा भर ‘शिक्षा जास्त आहे’ यावर. खुनाला जन्मठेप ही कमीत कमी शिक्षा! ती कमी करून मागायची तर आधी कलम बदलायला हवं, हे शिकाऊ वकीलही सांगेल.

पुढे ते वकील बाजूला झाले आणि फाइल माझ्याकडे आली. मी आधी कळंब्याला गेलो. माणूस बोलेना. फुकटचा वकील पोलिसांचाच असणार, ही त्याची पक्की समजूत. वाईपासून विट्यापर्यंत ही समजूत मला सगळीकडे भेटते. बऱ्याच वेळाने त्याने एवढंच विचारलं, “त्या पंचाचं काय केलं, साहेब?” कोयता जप्त झाला त्या पंचनाम्यावरचा पंच टोळीच्या मुकादमाचा भाऊ होता आणि मुकादमाशी याचं उचलीवरून भांडण होतं. परत येऊन साक्षी वाचल्या. उलटतपासणीत पंचाने ते नातं एका ओळीत कबूल केलेलं. निकालपत्रात त्याचा मागमूस नाही. नुसतं निकालपत्र वाचून अपील लिहिलं की हे असं निसटतं. सुधारित मुद्दे दाखल केले, शिक्षा स्थगितीचा अर्ज दिला. आज तो जामिनावर आहे, अपिलाची सुनावणी अजून व्हायची आहे.

विधी सेवेच्या पॅनेलवर नव्याने आलेल्या वकिलांना म्हणूनच माझं सांगणं असतं, की आधी पक्षकाराला भेटा. मग मूळ साक्षी, पंचनामे आणि आरोपीचा जबाब अक्षरन् अक्षर वाचा. जो पुरावा त्याच्याविरुद्ध वापरला तो जबाबाच्या वेळी त्याला विचारला होता का, हे तपासा. शिक्षा स्थगितीचा अर्ज आपोआप होत नाही, तो स्वतंत्र करावा लागतो. आणि पक्षकाराला न विचारता ‘दोष मान्य, फक्त दया करा’ असं कोर्टात कधीही म्हणू नका. तो तुमचा अधिकारच नव्हे.

वाचन अपुरं राहिलं तर काय होतं, ते नाशिकच्या 2003 सालच्या खटल्यात दिसलं. भटक्या जमातींतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात फाशीच झाली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई दिली. त्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

कायदा अपुरा आहे असं मुळीच नाही. 1978 च्या होसकोट निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील हा हक्क ठरवला. तो खटला आपल्या मुंबईचा. 1996 पासून हेही ठरलेलं आहे, की वकील आला नाही म्हणून फौजदारी अपील नुसतं फेटाळता येत नाही. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीला वेळच मिळाला नाही. आरोप ठेवल्यापासून पंधरवड्यात फाशी. 2019 मध्ये ती शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा प्रकरणात नेमायचा वकील किमान 10 वर्षं अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान 7 दिवस मिळायला हवेत.

पक्षकाराला न भेटायला पूर्वी सबब असायची, हायकोर्ट मुंबईला असल्याची. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा-सांगलीची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे चालतात. कळंबा तर कोल्हापुरातच. कोर्टातून रिक्षाने जाता येतं. आता कुठली सबब?

नातेवाइकांनो, तुरुंगात असलेल्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मोफत वकिलासाठी कोठडी हाच निकष पुरे. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला 60 दिवस असतात, फाशी असेल तर 30. मुदत टळली तरी कारण देऊन विलंबमाफी मागता येते. अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत होतो, नाहीतर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. वकिलाचं नाव आणि अपिलाचा नंबर लेखी घ्या. नेमलेला वकील तुमच्याकडून एक पैसाही मागू शकत नाही. मागितला, किंवा तो भेटतच नसेल, तर ज्यांनी नेमला त्यांच्याकडे वकील बदलून मिळण्याचा अर्ज करा. आणि पहिल्या भेटीला जाताना शाळा सोडल्याचा दाखला न्या. गुन्ह्याच्या दिवशी वय 18 च्या आत असेल, तर तो मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो, अगदी शेवटचं अपील फेटाळल्यावरही.