विमानाची बॅटरी कशी निवडावी?

प्रश्न : मुलाच्या रेडिओ-कंट्रोल विमानात ३० अँपिअरचा ईएससी आहे. बॅटरी आणि चार्जर कोणता घ्यावा?
— एक वाचक, बोरगाव (ता. निपाणी)

उत्तर : आधी मोटर आणि ईएससी किती सेलवर चालतात ते पाहा. ‘३एस’ चालत असेल, तर ११.१ व्होल्टची, २२०० एमएएच, ३०सी लिपो घ्या. कागदावर ती ६६ अँपिअर देते, म्हणजे ओढ पडली तरी फार तापत नाही. वजन मात्र विमानाला पेलणारे हवे.

चार्जर बॅलन्सचाच घ्या. तो प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबवतो. चार्जिंग २.२ अँपिअरनेच करा. बारा व्होल्टवरही चालणारा घेतलात, तर वीज गेल्यावर गाडीच्या बॅटरीवर काम भागते.

काही दिवस उडवायचे नसेल, तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा. फुगलेली बॅटरी पुन्हा लावूच नका. ती पेट घेऊ शकते.