पैसा कुठं गेला?

ही अमेरिकेतली हकिगत आहे. पूर्वी तिथे मनाचा आजार झालेल्या माणसाला घरापासून लांब, मोठ्या इस्पितळात ठेवीत. कित्येकांचा जन्म तिथेच जाई.

१९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी नव्या कायद्यावर सही केली. रोग्याला घराजवळच औषधपाणी मिळावे, म्हणून मानसिक आरोग्य केंद्रे निघाली. सरकारने त्यांना पैसा दिला. पण तो वर्षावर्षाला कमी होणार होता. पुढचा खर्च केंद्रांनी स्वतः भागवायचा होता.

इकडे इस्पितळे रिकामी होऊ लागली. बाहेर आलेल्या रोग्यांचे काय झाले? तिथल्या संसदेच्या हिशेब-तपासनिसांनी याची चौकशी केली. १९७७ साली त्यांनी अहवाल दिला. पुष्कळांना नीट आसरा नाही, उपचार नाहीत. खाती अनेक, पण त्यांचा मेळ नाही. अहवालाने हे सरकारला उघड सांगितले.

मंडळी, पैसा दिला म्हणजे काम झालं, असं नव्हे. तो कुठं गेला, कुणाच्या उपयोगी पडला, हेही पाहावं लागतं. अहवाल त्यासाठीच असतो.

आता तुम्हाला वाचता येतं. ग्रामसभेत हिशेब मांडतील, तेव्हा तो स्वतः वाचा. समजलं नाही, तर विचारा.